लाइव्ह व्हिडिओ मिक्सिंग: स्विचर घ्यायचा की लॅपटॉपवर भागवायचं? आधी कागद, मग केबल, पैसे शेवटी

"दादा, चार इनपुटचा स्विचर घेतलाय. उद्या गंगापूर रोडच्या लॉनवर संगीत आहे. नवरीच्या लहानपणीचे व्हिडिओ यात कुठून टाकायचे?"

लग्नसराईत असा फोन आठवड्याला एक तरी येतो. अशा स्विचरमध्ये व्हिडिओ टाकायची सोयच नसते. बाहेरून आलेली चित्रं निवडायची आणि पुढे पाठवायची, एवढंच त्याचं काम. दुसरा फोन याच्या बरोबर उलटा असतो. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आहे, तीन कॅमेरे यूएसबीला लावलेत, त्यातले दोनच दिसतात आणि गायकाचे ओठ गाण्याच्या मागून हलतात. दोघांनीही वस्तू आधी घेतली आणि काम नंतर पाहिलं.

खाली दिलेला क्रम नाशिकच्या कालिदास कलामंदिरातल्या मैफलीला चालतो तसाच द्राक्षमळ्यातल्या डीजे नाइटलाही चालतो. टप्पे मागेपुढे करू नका. दुसऱ्या टप्प्यातले आकडे हातात नसताना चौथ्या टप्प्याचं काम केलं तर ते पुन्हा करावं लागतं. त्यापायी मी दोन रात्री जागलो आहे.

## टप्पा १: चित्र कुठून येणार, ते कागदावर लिहा

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: प्रसंग, चित्र कुठून येणार, आणि ते कोणाच्या हातात असणार. संगीताचा कार्यक्रम असेल तर पान साधारण असं दिसतं. गणेशवंदना: क्लिप. मामा-मामींचा नाच: मागे लूप (सतत फिरणारी क्लिप), बाजूच्या पडद्यांवर कॅमेरा. बालपणीचे फोटो: क्लिप, आवाजासकट. नवरा-नवरीचा प्रवेश: कॅमेरा, वर नावाची पट्टी. पूर्ण पान भरलं की 'कॅमेरा' किती वेळा आला आणि 'क्लिप' किती वेळा, ते मोजा.

कॅमेराच जास्त असेल, म्हणजे व्याख्यान, नाट्यसंगीत, शास्त्रीय मैफल, तर हार्डवेअर स्विचर घ्या. बटण दाबलं की काही सेकंदांत तो तयार होतो. त्याला विंडोजचे अपडेट येत नाहीत, आणि चित्र आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा उशीर पहिल्या मिनिटाला असतो तेवढाच तिसऱ्या तासाला असतो. चार एचडीएमआय इनपुटचे एटेम मिनी किंवा रोलँड व्ही-१एचडी आपल्याकडे भाड्याच्या कामांत सर्रास दिसतात. दोन्ही या कामाला पुरतात. फरक इतकाच की व्ही-१एचडीला पुढचं चित्र पाहण्यासाठी वेगळं आउटपुट आहे. साध्या एटेम मिनीला सगळे इनपुट एकत्र दाखवणारा मल्टिव्ह्यू नाही, त्यासाठी प्रो मॉडेल लागतं. अंधारात चार कॅमेरे चालवायचे असतील तर मल्टिव्ह्यूशिवाय हात घालू नका.

क्लिपच जास्त असतील, म्हणजे डीजे नाइट, कॉलेजचा फेस्ट, नृत्याचा कार्यक्रम, तर सॉफ्टवेअर घ्या. एकावर एक तीन-चार लेयर, तालाला बांधलेले इफेक्ट, शेकडो क्लिपांतून हवी ती एका बटणावर, हे काम स्विचर करत नाही. त्यासाठी रेझोल्यूम सगळ्यात जास्त चालतं. मॅक असेल तर व्हीडीएमएक्स आहे, पण ते फक्त मॅकवरच चालतं. कॅमेरे, पट्ट्या आणि प्रक्षेपण असा कारभार असेल तर व्हीमिक्स, आणि ते फक्त विंडोजवर. ओबीएस फुकट आहे आणि प्रक्षेपणाला छान आहे. मात्र ढोल वाजत असताना पन्नास क्लिप तालावर फेकायच्या असतील तर ओबीएसकडून ती अपेक्षा धरू नका.

दोन्ही सारखेच आले तर दोन्ही घ्या. नाशिकमधली माझी बहुतेक कामं याच प्रकारची असतात. अशा वेळी प्रश्न 'कोणतं' हा उरत नाही, 'कोण कोणाच्या पुढे' हा होतो. ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

एक प्रकार वेगळा काढतो: देवळाच्या, वाड्याच्या भिंतीवर चित्र बसवायचं असेल तर मॅपिंग येतं, आणि ते सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. रेझोल्यूमच्या दोन आवृत्त्यांपैकी अ‍ॅव्हेन्यूमध्ये ती सोय नाही, अरीनामध्ये आहे. पण पैसे भरण्याआधी भिंत पाहून या. आपल्याकडच्या जुन्या बांधकामांचा दगड काळा. काळा दगड प्रकाश खातो. पांढऱ्या कापडावर झळाळणारं चित्र त्या दगडावर राखेसारखं दिसतं. जाड पांढऱ्या रेषा आणि मोठे आकार चालतात, फोटो चालत नाहीत.

तपासा: पानावरच्या प्रत्येक ओळीत चित्राचा उगम लिहिला आहे का? "ते तेव्हा बघू" अशी एकही ओळ शिल्लक असेल तर यजमानाला आत्ताच फोन करा.

## टप्पा २: वॉलवाल्याकडून चार आकडे घ्या

"सोळा बाय दहाची वॉल आहे" हे उत्तर मंडपवाल्याच्या कामाचं आहे, आपल्या नाही. (वॉल म्हणजे एलईडीची पॅनल जोडून उभा केलेला मोठा पडदा.) आपल्याला हवं ते असं:

१. पॅनलची पिच (दोन एलईडींमधलं अंतर) किती आणि एका पॅनलमध्ये पिक्सेल किती?
२. आडवी पॅनल किती, उभी किती?
३. प्रोसेसर (आलेलं चित्र पॅनलना वाटून देणारा डबा) कोणता, त्याला इनपुट कोणते, आणि तो चित्र ताणतो की जसंच्या तसं दाखवतो?
४. प्रोसेसर कन्सोलपाशी (आपण यंत्रं मांडून बसतो ते टेबल) असणार की वॉलच्या मागे?

उदाहरण घेऊ. पी ३.९ (३.९ मिलिमीटर पिच) चं ५०० बाय ५०० मिलिमीटरचं पॅनल म्हणजे १२८ बाय १२८ पिक्सेल. सोळा बाय दहा फुटांच्या वॉलला आडवी १० आणि उभी ६ पॅनल बसतात. म्हणजे वॉल १२८० बाय ७६८ पिक्सेलची. तुम्ही १९२० बाय १०८० ची क्लिप हौसेने बनवलीत तर एक तर ती आक्रसून दाखवली जाईल, नाहीतर कडा कापल्या जातील. शिवाय १६:९ चं प्रमाण इथे नाहीच. गोल वर्तुळ अंड्यासारखं दिसलं की समजायचं, कोणीतरी ताणलंय.

पिक्सेल मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. नोव्हास्टारसारख्या प्रोसेसरचा एक नेटवर्क पोर्ट साधारण साडेसहा लाख पिक्सेल सांभाळतो. १२८० गुणिले ७६८ म्हणजे नऊ लाख त्र्याऐंशी हजार. एका पोर्टवर ही वॉल पूर्ण पेटणार नाही, दोन लागतील. हे काम वॉलवाल्याचंच, पण संध्याकाळी सहा वाजता अर्धी वॉल काळी राहिली की सगळे तुमच्याकडेच बघतात.

पाचवा प्रश्न मी सवयीने विचारतो: वॉल ५० हर्ट्झवर चालवू का? आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर, आणि लॅपटॉप मात्र जन्मतः ६० वर. हे मिसळलं की हळू सरकणारं चित्र उचकी दिल्यासारखं अडखळतं. कॅमेरे, स्विचर, लॅपटॉपचं दुसरं आउटपुट आणि प्रोसेसर, चारही ठिकाणी १०८०पी ५० (१९२० बाय १०८०, सेकंदाला ५० फ्रेम) लावा. कॅमेऱ्याचं शटर १/५० ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट आणि हॅलोजनखाली चित्र लुकलुकत नाही.

सावधान: जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे कंपोझिट पिनचे मिक्सर मोहात पाडतात. त्यांचं चित्र ७२० बाय ५७६. मुद्दाम खरखरीत, जुन्या टीव्हीसारखा पोत हवा असेल तर जरूर घ्या. लग्नाच्या वॉलला लावू नका.

## टप्पा ३: साखळी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

माझा नियम: पडद्याच्या आधीचं शेवटचं बटण हार्डवेअरचं असलं पाहिजे. लॅपटॉप थेट वॉलच्या प्रोसेसरला जोडायचा नाही. लॅपटॉप हा स्विचरचा एक इनपुट. आणखी दोन इनपुटवर कॅमेरे. आणि चौथ्यावर एखादा जुना लॅपटॉप किंवा मीडिया प्लेयर, ज्यावर एकच लूप रात्रभर फिरतोय.

असं का, ते मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. एका लॉनवर लॅपटॉप थेट वॉलला होता. मधल्या गाण्यात सॉफ्टवेअर बंद पडलं आणि सोळा फुटांच्या वॉलवर माझा डेस्कटॉप आला. त्यावर 'हिशोब २' नावाची फाइल, आणि मागे माझ्या पोराचा दुधाचे दात पडलेला फोटो. पाहुणे हसले, यजमान हसले नाहीत. मध्ये स्विचर असता तर एक बटण दाबून कॅमेऱ्यावर गेलो असतो. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं कोणाला कळलीही नसती.

जोडणीचा क्रम असा:

१. कॅमेरे थेट स्विचरला. लॅपटॉपमधून फिरवायचे नाहीत.
२. लॅपटॉपचं एचडीएमआय आउटपुट स्विचरला.
३. राखीव लूप स्विचरला.
४. स्विचरचं प्रोग्राम आउटपुट (निवडलेलं, पडद्यावर जाणारं चित्र) वॉलच्या प्रोसेसरला.

कॅमेरे लॅपटॉपमधून का नकोत? उशीर. ५० फ्रेमवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. कॅमेरा, स्विचर आणि वॉलचा प्रोसेसर प्रत्येकी एक-दोन फ्रेम खातात. त्यात कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र), सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्ड आलं की उशीर दुप्पट होतो. माझ्या सेटवर थेट मार्गाने ९० च्या आसपास मिलिसेकंद लागतात, लॅपटॉपमधून फिरवलं तर १८० च्या पुढे. प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज चित्रापेक्षा साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतो असं धरलं आहे. म्हणजे थेट मार्गही निर्दोष नाहीच. वाचवतं ते अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे साठ फुटांवर बसलेल्याला तो पन्नासेक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि चित्राशी थोडा जुळतो. पहिल्या रांगेतल्याला ही सवलत नाही, आणि मैफलीत पहिल्या रांगेत तबल्याकडे डोळे लावून बसणारी जाणकार मंडळीच असतात.

कॅमेऱ्यावर इफेक्ट हवाच असेल, उदाहरणार्थ ढोलवादकाची रंगीत सावली, तर कॅमेऱ्याचं सिग्नल स्प्लिटरने दोन ठिकाणी द्या: एक स्विचरला, एक कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला. सावली उशिरा हलली तरी बिघडत नाही, ती सावलीच आहे. चेहरा मात्र थेट मार्गानेच.

सावधान: एटेम मिनीचं यूएसबी आउटपुट लॅपटॉपला वेबकॅमसारखं दिसतं, म्हणून स्प्लिटर वाचवायला काही जण तेच वापरतात. पण त्यातून येतो प्रोग्राम. लॅपटॉप प्रोग्रामवर घेतला की तो स्वतःलाच पाहतो आणि समोरासमोर आरसे ठेवल्यासारखा बोगदा तयार होतो. डीजे नाइटला तोच इफेक्ट मी मुद्दाम वापरतो. साखरपुड्यात अंगठीच्या क्षणी तो आला तर मानधन विसरा.

सावधान: सेट-टॉप बॉक्स किंवा काही प्लेयरचं चित्र स्विचरवर येतच नाही, काळं राहतं. केबल बदलत बसू नका. ते कॉपी-संरक्षण असतं आणि बरेच स्विचर असं चित्र घेत नाहीत. क्रिकेटची मॅच दाखवायचं वचन परस्पर देऊ नका.

तपासा: मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्यावर धरा. आता दुसऱ्या मोबाइलने असा फोटो काढा की खरं स्टॉपवॉच आणि पडद्यावरचं स्टॉपवॉच दोन्ही दिसतील. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमच्या साखळीचा उशीर. तीन-चार फोटो काढून पाहा, एकावर विसंबू नका.

## टप्पा ४: क्लिप तयार करा

आता दुसऱ्या टप्प्यातला १२८० बाय ७६८ हा आकडा कामाला येतो. सॉफ्टवेअरमधलं कॉम्पोझिशन (चित्राची चौकट) त्याच मापाचं करा, क्लिप त्याच मापाच्या करा. स्विचरमधून चित्र १०८०पी म्हणूनच जाईल. त्या चौकटीत हे माप डाव्या वरच्या कोपऱ्यात बसवा आणि प्रोसेसरला तेवढाच तुकडा उचलायला सांगा. वॉलवाल्याला 'पिक्सेल टू पिक्सेल' म्हटलं की कळतं. कॅमेरा मात्र पूर्ण चौकट भरून येतो आणि त्याचाही कोपराच उचलला जाईल. त्यामुळे कॅमेरा आणि क्लिप एकाच वॉलवर आलटून पालटून जाणार असतील तर हा मार्ग सोडा. पूर्ण १०८०पी चौकट प्रोसेसरकडून वॉलच्या मापात आणा आणि जेवढा ताण पडतो तेवढा क्लिप बनवतानाच उलट देऊन ठेवा. कॅमेऱ्याचे चेहरे किंचित उंच दिसतील. ते टाळायचं असेल तर प्रोसेसरमध्ये चौकटीच्या दोन्ही बाजू थोड्या कापा.

मग कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. मोबाइलची आणि नेटवरून घेतलेली क्लिप बहुधा एच.२६४ असते. त्यात पूर्ण चित्रं थोडी आणि मधली चित्रं आधीच्या-नंतरच्या चित्रांवर अवलंबून असतात. सरळ चालवायला उत्तम. पण तालावर मागेपुढे उड्या मारायला लागलात, उलटी फिरवलीत, की लॅपटॉपला प्रत्येक वेळी आधीचं गणित पुन्हा सोडवावं लागतं आणि चित्र गचके खातं. म्हणून रेझोल्यूमसाठी डीएक्सव्ही, इतरांसाठी हॅप. दोन्हींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. डीएक्सव्हीत बदलण्यासाठी रेझोल्यूमचंच अ‍ॅली हे साधन फुकट मिळतं.

याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. हॅपमध्ये १०८०पीची एक फ्रेम एक एमबीपर्यंत जाते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे २५ एमबी, तीन लेयर म्हणजे ७५. साधा पेनड्राइव्ह तिथेच दम टाकतो. क्लिप लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच ठेवा. आणि हो, १२८० बाय ७६८ मध्ये हाच बोजा निम्म्यावर येतो. वॉल दाखवू शकत नाही असे पिक्सेल रात्रभर वाहून नेण्यात काय अर्थ आहे?

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळं. अनेक सॉफ्टवेअरच्या टायटल खिडकीत देवनागरी धड जुळत नाही. 'नाशिक' लिहिलं की पहिली वेलांटी 'श'च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसतात. नवरीचं नाव 'ऋत्विजा' असेल तर विचारूच नका. नावं, पट्ट्या, निवेदनाच्या ओळी आधीच पारदर्शक पीएनजी करून ठेवा आणि निर्यात झालेली प्रतिमा उघडून वाचा, टाइप केलेला मजकूर नव्हे. मग घरातल्या एखाद्या काकूंना वाचायला द्या. आडनावातली चूक त्याच पकडतात.

घरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले व्हिडिओ उभे आणि पिळवटलेले असतात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असा निरोप आठवडाभर आधीच द्या. उभ्या चित्रामागे त्याचंच धूसर, मोठं रूप ठेवा, काळ्या पट्ट्या दिसत नाहीत.

तपासा: प्रत्येक लूपचा शेवट आणि सुरुवात जुळते का? फाइलींची नावं ०१, ०२ अशी कार्यक्रमाच्या क्रमाने आहेत का? 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' अशा तीन फाइली असतील तर दोन आत्ता पुसा.

## टप्पा ५: लॅपटॉप आदल्या दिवशी बांधून ठेवा

हे भराभर उरका, पण एकही वगळू नका.

१. अपडेट थांबवा. आदल्या रात्री एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.
२. वाय-फाय बंद, सूचना बंद, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल बंद.
३. स्क्रीनसेव्हर आणि झोप बंद, पॉवर 'हाय परफॉर्मन्स'वर.
४. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट'वर राहिलं की तुमचे माउसचे खेळ सगळ्यांना दिसतात.
५. दुसऱ्या पडद्याची वॉलपेपर काळी. डेस्कटॉपवर काही ठेवू नका (माझी हिशोबाची फाइल आठवा).
६. ग्राफिक्स सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नेमून द्या. पुष्कळ लॅपटॉप मुकाट्याने आतल्या छोट्या चिपवर काम ढकलतात आणि आपण लॅपटॉपला दोष देतो.

मिडी कंट्रोलर (क्लिप चालवायचा बटणांचा पट्टा) असेल तर तो नेहमी त्याच यूएसबी पोर्टात लावा. बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवा. अंधारात अक्षर वाचता येत नाही, रंग ओळखता येतो.

तपासा: सगळे लेयर चालू ठेवून लॅपटॉप एक तास सोडा. पंख्याचा आवाज वाढल्यावर फ्रेमरेट पडतो का ते पाहा. पडत असेल तर एक लेयर कमी करा.

## टप्पा ६: जागेवर आधी अर्थिंग, मग केबल

मैदानात पोचल्यावर पहिलं काम लॅपटॉप उघडणं नाही. जनरेटरवाल्याला गाठा.

वॉल एका फेजवर, कन्सोल दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंग नावापुरतं, हा लॉनवरचा नेहमीचा संसार. दोन टोकांच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असला की तांब्याची एचडीएमआय केबल दोघांना जोडते आणि फरक तिच्यातून वाट काढतो. मग पोर्ट जळतो. कधी लॅपटॉपचा, कधी स्विचरचा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. वीस-तीस दिसलं तर काहीही जोडू नका, आधी अर्थची सळई नीट ठोकून घ्या आणि भोवती पाणी टाकायला सांगा. मापन स्वतः करायला जाऊ नका.

कन्सोलपासून वॉलपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. साधी एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे तीन पर्याय: एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओची लांब पल्ल्याची केबल), कॅट-६ (नेटवर्कची केबल) वरचा एक्स्टेंडर, किंवा फायबरची एचडीएमआय. मी फायबर घेतो, कारण त्यातून सिग्नल प्रकाशाने जातो आणि वर सांगितलेलं अर्थचं भांडण बहुतांशी मिटतं. फक्त तिला तोंड आणि शेपूट असतं. 'सोर्स' लिहिलेलं टोक स्विचरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं वॉलकडे. उलटी अंथरली तर चित्र येत नाही, आणि तोवर तिच्यावर गालिचा पडलेला असतो. म्हणून अंथरण्याआधी जमिनीवरच दोन्ही टोकं लावून चित्र पाहा.

चालू करण्याचा क्रम पडद्याकडून आपल्याकडे: वॉलचा प्रोसेसर, मग स्विचर, मग कॅमेरे, सगळ्यात शेवटी लॅपटॉप. लॅपटॉप जोडल्या क्षणी समोरच्या यंत्राला त्याची मापं विचारतो. समोरचं झोपलेलं असेल तर स्वतःच्या मनाने भलतंच माप धरतो.

यूपीएस कन्सोलला हवाच, तोही स्विचरसाठी. लॅपटॉपला बॅटरी आहे, स्विचरला नाही. जनरेटर बदलताना वीज क्षणभर जाते आणि तेवढ्यात स्विचर पहिल्या इनपुटवर जाऊन बसतो. म्हणून पहिल्या इनपुटवर लॅपटॉप न ठेवता मंचाचा मोठा दृश्यकोन दाखवणारा कॅमेरा ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत गंगापूर धरणाकडच्या मळ्यांत कार्यक्रम असेल तर रात्री नऊनंतर कन्सोलवर हात फिरवून पाहा, दव लागेल. वर छत नसेल तर प्लास्टिकची ताडपत्री जवळ ठेवा, पण लॅपटॉपवर घट्ट गुंडाळू नका, त्याला श्वास घेऊ द्या.

तपासा: वॉलवर कलरबार आणि एक वर्तुळ टाका. वर्तुळ गोल आहे? चारही कडांची रेष दिसते? रात्रीच्या कार्यक्रमाला वॉलची चमक ३० ते ४० टक्क्यांवर आणा. दुपारी लावलेली १०० टक्के चमक रात्री तशीच राहिली की कॅमेऱ्यात माणसं काळी आणि मागे पांढरा गोळा दिसतो.

## टप्पा ७: तालीम, त्यात बिघाडाचीही

आवाजाची तालीम रात्री दहापर्यंत आटपावी लागते. चित्राची तालीम त्यानंतरही मुकाट चालू शकते, ती वेळ वाया घालवू नका.

कार्यक्रम एकदा वेगाने ओढून काढा: प्रत्येक प्रसंगाची सुरुवात आणि शेवट, मधलं नाही. बदलाच्या जागीच गडबड होते.

मग बिघाड करा. सहकाऱ्याला सांगा, मला न सांगता लॅपटॉपची एचडीएमआय उपट. तुम्ही किती सेकंदांत कॅमेऱ्यावर गेलात? तीनपेक्षा जास्त लागले तर पुन्हा. त्यानंतर स्विचरची वीज काढून परत द्या. जतन केलेलं स्थिरचित्र शिल्लक आहे का, तो कोणत्या इनपुटवर उठतो, ते पाहून लिहून ठेवा.

ढोलपथकासोबत काम असेल तर आपोआप ताल ओळखणाऱ्या सोयीवर विसंबू नका. ताशाच्या तडतडीत ती दुप्पट वेग पकडते आणि हात बदलला की गोंधळते. टॅप टेम्पोचं (ठोके देऊन वेग सांगायचं) बटण बोटाखाली ठेवा आणि ढोलाच्या टिपऱ्यावर ठोका द्या, ताशावर नाही. ध्वजधारी नाचायला लागला की वेग वाढणार हे धरूनच चाला. नाशिक ढोल एकाच लयीत राहिला, असं माझ्या आठवणीत नाही.

## टप्पा ८: कार्यक्रम चालू असताना

दोन माणसं, दोन कामं. एक लॅपटॉपवर, एक स्विचरवर. एकटे असाल तर उजवा हात स्विचरवरून उचलायचा नाही.

लॅपटॉपवर नवी क्लिप लावताना स्विचर कॅमेऱ्यावर ठेवा. क्लिप स्थिर दिसली की मग घ्या. भाषण किंवा विधी चालू असताना इफेक्ट शून्य, साधा कट. डिझॉल्व्हचा (एक चित्र विरघळत दुसरं येण्याचा) मोह आवरा, प्रत्येक बदलाला डिझॉल्व्ह दिला की कार्यक्रम शोकसभेसारखा वाटतो.

मध्येच एखादे काका पेनड्राइव्ह घेऊन येतील. "फक्त दोन मिनिटांचा आहे हो, आत्ताच लावा." चालू लॅपटॉपला तो लावायचा नाही. राखीव लूपवाल्या जुन्या लॅपटॉपला लावा, तिथे पूर्ण चालतो का बघा, आवाज आहे का बघा, मग स्विचरवरून घ्या. चौथा इनपुट मी मुळात या काकांसाठीच ठेवतो.

सावधान: सॉफ्टवेअर अडकलं तर घाबरून सगळी बटणं दाबू नका. आधी स्विचर कॅमेऱ्यावर, मग लॅपटॉपकडे बघा. उलट क्रमाने केलंत तर ते सगळं वॉलवर दिसतं.

## आता खरेदी

इथवर आलात तर काय घ्यायचं ते तुमच्या वहीतच लिहिलेलं आहे. तरी क्रम सांगतो. आधी चांगल्या केबल आणि यूपीएस. मग स्विचर, पण तीन कामं भाड्याच्या स्विचरवर करून, म्हणजे मल्टिव्ह्यू लागतो की नाही ते कळतं. लॅपटॉप सगळ्यात शेवटी, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी डेमोवर महिनाभर सराव करा. रेझोल्यूमच्या डेमोत चित्रावर शिक्का उमटतो, त्यामुळे कार्यक्रमाला चालत नाही, पण घरी बसून बोटं वळवायला तेवढं पुरतं. सरावाला क्लिप कमी पडल्या तर पावसाळ्यात गोदाघाटावर जा आणि पाण्याचे, दिव्यांचे, भिजलेल्या पायऱ्यांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून काढा. त्यांचे लूप चांगले होतात आणि हक्काचा प्रश्नही येत नाही.